ट्विनसेटमधले शेवटचे ४० बार नक्की कोणाचे?

उथळपाणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. टेक्निकल डायव्हिंगचं (खोल जाऊन टप्प्याटप्प्याने थांबत वर यायचं, त्या डायव्हिंगचं) कार्ड मिळून सातच महिने झालेत. आयडी बघून काय ते समजून घ्या.

परवा ४५ मीटरवर एका बुडालेल्या जहाजावर होतो. दोघंच. दोघांच्या पाठीवर १२ लिटरच्या दोन सिलिंडरांचा ट्विनसेट, त्यात ट्रायमिक्स २१/३५ (२१ टक्के ऑक्सिजन, ३५ टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन), आणि डाव्या कुशीला निट्रॉक्स ५० ची (५० टक्के ऑक्सिजन) एकेक स्टेज, म्हणजे वर येताना वापरायचा जादा सिलिंडर. माझा बडी (पाण्यातला जोडीदार) माझ्यापेक्षा खूप मुरलेला. वर निघायला पाच मिनिटं असताना तो समोर आला आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला. गॅस संपला!

सराव होता, पण मला आधी सांगितलेलं नव्हतं. शिकवल्याप्रमाणे तोंडातला रेग्युलेटर काढून त्याच्यापुढे धरला, गळ्यातला बॅकअप तोंडात घेतला. इथवर झकास. पण दिलेल्या रेग्युलेटरची लांब नळी, म्हणजे लाँग होज, अर्धा मीटर आली आणि अडकली. टॉर्चची वायर होजवरून गेली होती. मी ओढतोय, ती येत नाहीये आणि समोरचा माणूस शांतपणे माझ्याकडे बघतोय. वायर सोडवून होज मोकळी करण्यात ४० सेकंद गेले, असं तो म्हणतो. मला विचाराल तर अर्धा तास. मग एकमेकांचे दंड धरून दम जागेवर आणला आणि गेज बघितला, तर सिलिंडरमधला दाब १२० बारचा ९२ झालेला. दोन मिनिटांत २८ बार.

माझा राखीव गॅस होता ४० बार. बोटीवर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "ते ४० बार तुझे नव्हतेच, माझे होते. आणि मला ते पुरले नसते."

तेव्हापासून डोकं भंजाळलंय. राखीव गॅस ठरवताना बडीला किती धरायचं? आणि माझी वेळ आली तर बडीवर भिस्त ठेवायची, की आपला जीव आपणच सांभाळायचा असं समजून उतरायचं?

वाचनमात्र

उथळ पाण्याला खळखळाट फार ऐकलं होतं, ४५ मीटरचं उथळ पाणी पहिल्यांदाच बघतोय. (ह. घ्या.) वाचतोय.

सडाफटिंग

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. भिस्त ठेवू नका.

मी गेली अनेक वर्षं साईडमाउंट करतो. दोन बगलांना दोन स्वतंत्र सिलिंडर, दोघांना वेगळा रेग्युलेटर, वेगळा गेज. कोणत्याही क्षणी त्यातला एक पूर्ण गेला तरी दुसऱ्यावर मी घरी येतो, असाच श्वास दोन्हींतून आलटून पालटून घ्यायचा. माझा बडी माझ्या डाव्या बगलेला बांधलेला असतो. तो फोटो काढत मागे रेंगाळत नाही आणि त्याच्या टॉर्चची वायर कुठे अडकत नाही.

बडी म्हणजे काय असतो हे मी पुष्कळ पाहिलंय. एकाच समुद्रात असलेले दोन अनोळखी लोक. डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थांचे, म्हणजे एसडीआयचा सोलो डायव्हरचा कोर्स आणि पॅडीचा सेल्फ-रिलायंट डायव्हरचा कोर्स उगाच निघालेत का?

अडीचमीटर

सडाफटिंग, तुमचा आयडी तुम्हाला शोभतो. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करताय. वाईट बडी असतात, कबूल. त्यावर उपाय चांगला बडी शोधणं हा आहे. खेकसणारी बायको नको म्हणून लग्नसंस्थाच मोडीत काढायची?

उथळपाणी, तुम्ही जे बरोबर केलंत ते आधी सांगतो. तोंडातला रेग्युलेटर दिलात. का द्यायचा? एक, तो चालू आहे याची खात्री आहे, कारण आत्ता त्यावर तुम्हीच जिवंत होतात. दोन, त्यातला गॅस या खोलीवर चालणारा आहे. तीन, घाबरलेला माणूस छातीवर टांगलेला पिवळा ऑक्टोपस (जादा रेग्युलेटर) शोधत बसत नाही, जिथून बुडबुडे येताना दिसतात तिथेच झडप घालतो. मग तो हिसकावून घेणार त्यापेक्षा आपणच दिलेला बरा.

दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबा. समजा त्या गडबडीत तुमच्या बडीने जवळ दिसला म्हणून कुठल्या तरी स्टेजचा रेग्युलेटर तोंडात घातला आणि ती स्टेज शुद्ध ऑक्सिजनची निघाली. ती ६ मीटरसाठी असते. ४५ मीटरवर ऑक्सिजनचा आंशिक दाब होतो ५.५ बार. कोणतीही पूर्वसूचना न देता झटका (फिट) येऊ शकतो, आणि पाण्याखाली झटका म्हणजे रेग्युलेटर तोंडातून गेला.

शंकेखोर

मी पोहायला घाबरणारा माणूस आहे, पण धागा रंगतोय म्हणून विचारतो. एवढा खटाटोप कशाला? गॅस संपला तर दोघांनी भसकन वर यायचं ना!

अडीचमीटर

शंकेखोर, चांगला प्रश्न. ४५ मीटरवर अर्धा तास काढला की शरीरात इतका वायू विरघळलेला असतो की थेट वर आलात तर सोड्याची बाटली भसकन उघडल्यासारखं होतं. त्यामुळे टप्प्याटप्प्याने थांबत यावं लागतं. म्हणजे डोक्यावर छप्पर नसलं तरी असल्यासारखंच वागायचं. गुहेत किंवा जहाजाच्या पोटात तर ते खरोखरचंच असतं. म्हणून जो काही प्रश्न असेल तो आहे तिथेच, आहे त्या गॅसवर सोडवायचा.

हिशेबनीस

मूळ प्रश्नाचा पहिला भाग कोणीच सोडवला नाही म्हणून कागद घेऊन बसलो. उथळपाणी, तुमचे ४० बार कुठून आले ते मी सांगतो, चुकलं तर कान धरा.

दोघांचा मिळून खप मिनिटाला ४० लिटर (पृष्ठभागावरचे). ४५ मीटरवर दाब ५.५ बार, तिथे सावरायला १ मिनिट: २२० लिटर. तिथून २१ मीटरपर्यंत, म्हणजे निट्रॉक्स ५० घेता येईल तिथपर्यंत, मिनिटाला ९ मीटरने साधारण ३ मिनिटं. सरासरी खोली ३३ मीटर, दाब ४.३: ५१६ लिटर. २१ मीटरवर गॅस बदलायला १ मिनिट: १२४ लिटर. एकूण ८६०. भागिले २४ लिटर, म्हणजे ३६ बार. तुम्ही ४० केलेत. बरोबर?

गणित बरोबर आहे, आकडे खोटे आहेत. माणशी २० लिटर हा निवांत पोहणाऱ्याचा आकडा. तुम्ही स्वतःच लिहिलंय, दोन मिनिटांत २८ बार. २८ गुणिले २४ म्हणजे ६७२ लिटर, भागिले २ मिनिटं, भागिले ५.५ बार. ६१ लिटर मिनिटाला, दोघांचे. म्हणजे माणशी ३०. आणि सावरायला एक नाही, दोन मिनिटं लागली. हे दोन आकडे घालून पुन्हा करा: ६६० अधिक ७७४ अधिक १८६, म्हणजे १६२० लिटर. ६७.५ बार.

तुमच्या बडीला हे तोंडी येत असणार, म्हणूनच तो तसं म्हणाला.

उथळपाणी

हिशेबनीस, कान धरायचे तर मीच माझे धरतो. अगदी हेच आकडे होते माझे. कोर्समध्ये दिलेले जसेच्या तसे वापरले. स्वतःचा खप कधी मोजला होता तो उथळ पाण्यात, आरामात.

कासवी

मी गुहांमध्ये जाते, म्हणून जरा वेगळं बोलते. आधी एक चीड व्यक्त करते. ४५ मीटरवर, डेको (वर येताना थांबे घेण्याची सक्ती) चढलेला असताना, न सांगता असला सराव करणारा तुमचा बडी माझ्या लेखी शहाणा नाही. न सांगता सराव करायला माझी हरकत नाही, पण तो ६ मीटरवर करा, १० मीटरवर करा. तुमची होज अडकली हे तिथेही कळलं असतंच की! आणि तुम्ही घाबरून ऊर्ध्व दिशेने सुटला असतात तर त्याने काय केलं असतं?

आता गॅसचं. गुहेत सगळे एक तृतीयांशाचा नियम पाळतात. एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला, एक राखीव. गुहांमध्ये डायव्हिंग करणारे शेक एक्सली यांनी १९७९ मध्ये गुहांमधल्या अपघातांची चिरफाड करून जे नियम मांडले त्यात हाही होता. नियम लोकांना पाठ आहे, पण तो नेमका कशासाठी आहे ते विसरतात. २१० बारने सुरुवात केली, ७० जाळून सर्वात आत पोचलात, तिथे बडीचा सगळा गॅस गेला. तुमच्याकडे १४०. तुम्हाला बाहेर यायला ७०, त्याला ७०. शिल्लक शून्य. म्हणजे तृतीयांश हा नियम काठावर पास होण्याचा आहे. जाताना लागला तेवढाच वेळ येताना लागला आणि दोघं तितक्याच शांतपणे श्वास घेत असले, तरच पुरतो. आणि गॅस वाटून घेणारे दोघे शांत असतात असं अजून तरी मी पाहिलेलं नाही.

एकदा अरुंद बोळात मी पुढे आणि एकजण मागे, माझ्या होजवर, असं बाहेर आलोय. त्याच्या फर्स्ट स्टेजला (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) गळती लागली होती. पायातल्या पंख्याच्या (फिनच्या) एका चुकीच्या फटक्याने गाळ उठला आणि समोर दुधासारखं झालं. डाव्या हाताच्या अंगठ्यात नि तर्जनीत गाईडलाईन (वाट दाखवणारी दोरी) आणि पोटरीवर त्याचा हात, एवढंच कळत होतं. तो दाबायचा, मी थांबायचे. पुढे ढकलायचा, मी निघायचे. आत जाताना अकरा मिनिटं लागली होती, बाहेर यायला एकोणीस. लाँग होज २.१ मीटरची असते ती याचसाठी, एकामागे एक जाता यावं म्हणून. लोक ती स्टाईल म्हणून गळ्याभोवती मिरवतात.

तेव्हापासून मी तृतीयांशाच्याही आत वळते.

वाचनमात्र

अकरा आणि एकोणीस. अंगावर काटा आला ताई.

सडाफटिंग

कासवीताई, अनुभव जबरदस्त. पण बघा, तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध करताय. त्या माणसाकडे स्वतःचा वेगळा, भरलेला सिलिंडर असता तर तो तुमच्या पोटरीला लटकला नसता, आणि त्याच्या एकोणीस मिनिटांचं ओझं तुमच्या फुफ्फुसावर पडलं नसतं.

कासवी

असता तर. आणि तो झटका येऊन बेशुद्ध पडला असता तर? दोरीत गुरफटला असता तर? तुमच्या डाव्या बगलेतला बडी तुमचं डोकं पाण्यात वर धरेल का हो?

सडाफटिंग

हे मात्र नाही धरणार. मान्य. पण २००५ सालचं बूसमन्सगाट, ती पाण्याने भरलेली खोल गुहा आठवा. दक्षिण आफ्रिकेत डेव्ह शॉ २७० मीटरवर गेला होता, दहा वर्षांपूर्वी तिथे गेलेल्या एका तरुणाचा मृतदेह आणायला. तो परतला नाही. त्याचा साथीदार डॉन शर्ली मदतीला खाली निघाला, तर त्याच्या रिब्रीदरचा (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं यंत्र) कंट्रोलरच दाबाने फुटला आणि तो स्वतःच जेमतेम वाचला. एका खोलीच्या पुढे बडी हा फक्त साक्षीदार असतो.

डॉ_दमसास

शॉचं उदाहरण निघालंच आहे तर त्याची वैद्यकीय बाजू सांगतो, ती या धाग्याच्या गाभ्याशी आहे. त्याचा गॅस संपलेला नव्हता. कार्बन डायऑक्साईड साचला. दाट गॅस फुफ्फुसातून ढकलायलाच इतके कष्ट पडतात की काम वाढलं की श्वास पुरेनासा होतो, आणि जोरात श्वास घेतला तर कष्ट आणखी वाढतात.

हे २७० मीटरवरच होतं असं नाही. श्वासाच्या गॅसची घनता लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत असावी आणि ६.२ च्या वर जाऊच नये, अशी आता शिफारस आहे. ४५ मीटरवर साधी हवा ६.२ च्या वर जाते. उथळपाणी यांच्या २१/३५ मध्ये हेलियम आहे म्हणून ते ५ च्या आसपास राहिले. त्यांचा दम दोन मिनिटांत जागेवर आला यात त्या हेलियमचा वाटा मोठा आहे. हाच सराव हवेवर केला असता तर हिशेबनिसांचे ३० लिटरही कमी पडले असते, असं मला वाटतं.

बुडबुडेबंद

रिब्रीदरवाल्यांची हजेरी लावतो. आमच्यात या भांडणाला "टीम बेलआउट" म्हणतात. मशीन बंद पडलं तर उघड्या सिलिंडरवर वर यायचं, पण तो गॅस प्रत्येकाने पूर्ण वाहायचा की तिघांनी मिळून दीड माणसाचा? दीडवाले म्हणतात, तिघांची मशीनं एकाच वेळी कशी जातील?

८० मीटरवर दाब ९ बार. कार्बन डायऑक्साईडने धापा टाकणारा माणूस मिनिटाला ४० लिटर सहज ओढतो, म्हणजे तिथे ३६०. ११ लिटरचा, २०० बारचा सिलिंडर झाला २२०० लिटर. सहा मिनिटं. एवढ्यात बडी तुमच्यापर्यंत पोचून, दुसरा सिलिंडर क्लिप करून, योग्य रेग्युलेटर योग्य तोंडात गेला पाहिजे. मी पूर्ण वाहतो. कंबर मोडते, पण वाहतो.

आणि गंमत सांगतो. इतकी धाप लागलेली असताना तोंडातलं काढून दुसरं घालणं, मधला तो एक सेकंद श्वासाशिवाय, भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून मी तोंडातच बेलआउट व्हाल्व्ह बसवलाय. एक खटका फिरवला की झालं.

शंकेखोर

अवांतर होतंय, पण थायलंडच्या त्या गुहेत मुलांना कसं आणलं मग? त्यांना कुठलं आलंय गॅस वाटून घेणं!

कासवी

अवांतर नाही, उलट तेच टोक आहे. २०१८ मध्ये थाम लुआंगमधून १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक बाहेर काढले ते भूल देऊन, पूर्ण चेहरा झाकणारे मास्क घालून. पाण्याखाली मुलांनी काही करायचंच नव्हतं, मास्कमधून श्वास चालू राहायला हवा एवढंच. त्याआधी गुहेत सिलिंडर पोचवून परतताना सामन कुनान हा माजी नौदल पाणबुड्या गेला.

अडीचमीटर

सडाफटिंगना एक आकडा. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेने १९९२ ते २००३ मधल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास केला होता, हौशी डायव्हर, उघड्या सर्किटवरचे (म्हणजे रिब्रीदर नसलेले). सुरुवातीचं कारण जिथे कळलं तिथे ४१ टक्क्यांत ते गॅस अपुरा पडणं होतं. उपकरण बिघडणं १५ टक्के. म्हणजे सिलिंडर फुटत नाहीत हो, माणसं गेज बघत नाहीत. दोन सिलिंडर दिले तर दोन्हींचे गेज न बघणाराही निघतोच. बडी असेल तर निदान कोणीतरी येऊन विचारतं, किती उरलाय?

सडाफटिंग

हा मुद्दा मला खोडता येत नाहीये, रात्री झोपून विचार करतो.

वाचनमात्र

सडाफटिंग मान्य करतायत. कोणीतरी स्क्रीनशॉट घ्या रे.

हिशेबनीस

गणिताचं एक राहिलं. वरचा सगळा हिशेब २१ मीटरवर संपतो, कारण तिथे बडी स्वतःच्या निट्रॉक्सवर जाईल असं आपण धरलं. ती स्टेज त्याच्याकडे नसेल तर? गळून पडली, रेग्युलेटर बिघडला? मग एकाच निट्रॉक्सवर दोघांनी आळीपाळीने डेको करायचा किंवा पाठीवरच्या गॅसवर जास्त वेळ थांबायचं. दोन्हींना गॅस लागतो. वरच्या ६७.५ बारांत तो नाही.

अडीचमीटर

बरोबर, पण पाठीवरचा गॅस आणि बडीची स्टेज एकाच डाइव्हमध्ये दोन्ही जातील असं मी धरत नाही. एका वेळी एकच मोठं संकट. नाहीतर टाक्या वाहायला बैलगाडी लागेल.

बुडबुडेबंद

आमच्याकडे ती असते. पाण्याखालची स्कूटर म्हणतात.

उथळपाणी

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. सर्वांचे आभार.

राखीव गॅस ७० बार केला. जाहिरातीत कोणी सांगत नाही ती गोष्ट अशी की ३० बार म्हणजे ७२० लिटर, आणि ४५ मीटरवर माझ्या शांत श्वासाने ती तळावरची सात मिनिटं होतात. जहाजाचा मागचा भाग आता बघून होत नाही. टॉर्चची वायर होजच्या खालून घेतो आणि उतरण्याआधी बोटीवरच होज पूर्ण उलगडून दाखवतो.

कासवीताईंनी सांगितल्याप्रमाणे सराव आता ६ मीटरवर. परवा मी डाव उलटवला. न सांगता बडीच्या पुढे जाऊन गळ्यावरून हात फिरवला. मोजलं, पाच सेकंदांत त्याचा रेग्युलेटर माझ्या तोंडात होता. होज अगदी रेशमासारखी आली. मी मनात म्हटलं, याला म्हणतात मुरलेला माणूस. तेवढ्यात तो खोकायला लागला. गळ्यातल्या बॅकअपमधून त्याच्या तोंडात दर श्वासाला पाणी येत होतं. त्याने रेग्युलेटर काढला, पर्ज (आतलं पाणी बाहेर फुंकणारं बटण) दाबलं, पुन्हा घातला, पुन्हा खोकला. शेवटी मी माझी लाँग होज त्याला दिली. म्हणजे त्याची माझ्या तोंडात आणि माझी त्याच्या तोंडात, असे दोघं एकमेकांच्या टाक्यांवर, तीन मिनिटं.

वर आल्यावर उघडून बघितलं तर एक्झॉस्टची रबरी चकती दुमडली होती. उतरण्याआधी तो त्या बॅकअपचं पर्ज दाबून बघतो, फुस्स आवाज आला की झालं. पाण्यात त्यातून श्वास घेऊन शेवटचं कधी बघितलं होतं, असं मी विचारलं. तो चकती सरळ करत बसला होता.

कासवी

आणि हे ४५ मीटरवर झालं असतं तर ४० सेकंद कोणाचे गेले असते, हे विचारलंत का त्याला?

उथळपाणी

विचारलं नाही ताई. पण आता उतरताना ६ मीटरवर थांबून दोघंही बॅकअपवर पाच पाच श्वास घेतो. पुढाकार त्याचाच.

वाचनमात्र

सडाफटिंग, झोप झाली का?